घंटीफुलाचा चोर

“मग गेली कुठं?”

अंबादासानं पुन्हा विचारलं.

सुंदरनाथ बाबा ओट्यावर बसून डाळीतले खडे निवडत होते. त्यांनी एक दाणा उचलला, उजेडाकडे धरला, खडा नाही अशी खात्री केली आणि परत ताटात टाकला.

“काय गेलं?”

“घंटी, बाबाजी! वाफ्याच्या कडेचा आख्खा फुटवा गेला. काल दिवे लागेपर्यंत होता. आत्ता बघतो तर खड्डा. हात घातला तर मनगटापर्यंत आत जातो.”

“मग हात काढून घे,” बाबाजी म्हणाले.

अंबादासाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण गुरूपुढं शिंकायची सोय नव्हती.

वाघजाईच्या पठारावरचा हा मठ म्हणजे फार मोठं काही नाही. पत्र्याचं छप्पर, मधे धुनी, मागे गाईचा गोठा, आणि समोर मोठ्या महाराजांची समाधी. मोठे महाराज म्हणजे बाबाजींचे गुरू. ते तरुणपणी हिमालयात फिरले होते, आणि येताना ओल्या फडक्यात गुंडाळून एक रोप घेऊन आले होते. समाधीपुढच्या वाफ्यात आहे ते तेच. पाऊस सरला की त्याला देठ फुटतात आणि देठांना फुलं येतात. निळी, खाली मान घातलेली, देवळातल्या घंटेच्या आकाराची. थंडी संपत आली की सगळं वाळून जमिनीला मिळतं. नवखा माणूस म्हणतो, मेलं बिचारं. पण मूळ आत जिवंत असतं आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा वर येतं.

मठात त्याला घंटी म्हणत.

अंबादास पोरवयात मठात आला तेव्हापासून वाफा त्याच्याकडे होता. घंटीला पाणी अंबादासानं घालायचं, शेणखत अंबादासानं द्यायचं, आणि गुरुवारी हळदकुंकू वाहायचं तेही अंबादासानंच. मोठ्या महाराजांच्या हातचं रोप! त्याला कुदळ लावणं म्हणजे समाधीला कुदळ लावणं. कोणी भक्त आला की अंबादास त्याला वाफ्यापाशी नेई आणि आवाज खाली आणून सांगे, “हे फूल या पठारावर दुसऱ्या कुठंही नाही. फक्त इथं.”

सांगताना त्याची मान घंटीसारखी खाली नसे, एवढं नमूद करून ठेवतो.

मात्र गेली काही वर्षं घंटी रुसली होती. फुलं कमी येत. वाफ्याच्या मधोमध तर देठच फुटत नसे. अंबादासानं आधी माकडांना दोष दिला, मग धुक्याला, मग भक्तांच्या पोरांना. बाबाजी एकदा म्हणाले होते, “अरे, गड्डा फोड तो. दाटलाय.” अंबादासानं कानांवर हात ठेवले होते. अक्षरशः ठेवले होते, दोन्ही.

आणि यंदाच्या दसऱ्याला बाबाजींनी काय केलं? वाफा अंबादासाकडून काढून घेतला. अंबादासाला कोठी दिली, दाण्यागोट्याची. आणि वाफा दिला केरबाला.

केरबा कोण म्हणाल, तर देवळातल्या घंटा चोरणारा!

थट्टा नाही. पितळी घंटा रातोरात उतरवून भंगारात विकायचा तो. सापडला, तुरुंगात गेला, सुटला. सख्ख्या भावानं दार लावून घेतलं. गावात कुणाची कळशी हरवली तरी पोलीस पाटील आधी याला शोधायचा. शेवटी एक दिवस मठाच्या पायरीवर येऊन बसला, तो उठलाच नाही. बाबाजींनी त्याला जेवू घातलं, गोठ्याच्या कडेला निजायला जागा दिली. खालच्या तळवट गावात लोक पोट धरून हसले. म्हणाले, घंटा चोरणाऱ्याला घंटीची राखण, वा रे वा बाबाजी!

अंबादास हसला नाही. तो बघत राहिला.

आणि आता फुटवा गेला होता.

“बाबाजी,” तो म्हणाला, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.”

“कुणाची?”

“तुम्हाला ठाऊक आहे कुणाची.”

बाबाजी डाळ निवडत राहिले…

“केरबाला घालवा,” अंबादास म्हणाला.

“कुठं?”

“ते त्याचं तो बघेल.”

“त्याला बघायला जागा असती तर तो इथं कशाला आला असता?”

अंबादासाला हे कळत होतं. केरबाला मठातून काढलं तर त्याला उभं करणारं दार त्या अख्ख्या मुलखात नव्हतं. क्षणभर त्याला कसंसंच झालं. पण संशय म्हणजे ओलं लाकूड, एकदा धुमसायला लागलं की बाकी काही दिसू देत नाही.

“मग असं करा,” तो म्हणाला, “एकतर तो राहील, नाहीतर मी.”

बाबाजींनी पहिल्यांदा मान वर केली.

“पुरावा आहे?”

“आणतो. पण मला शब्द द्या. ज्यानं घंटी उपटली, तो मठात राहणार नाही.”

“कोणीही असला तरी?”

“कोणीही असला तरी.”

“दिला,” बाबाजी म्हणाले आणि ताट घेऊन उठले. डावा पाय फरफटत, काठी टेकत, आत गेले. तो पाय त्यांचा जुनाच अधू होता.

अंबादास त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून केरबाकडे बघू लागला.

आणि बघणाऱ्याला काय, दिसतंच.

केरबाच्या नखांत माती दिसली. आता वाफा राखणाऱ्याच्या नखांत माती नाही तर काय केशर असणार? पण अंबादासाला ती माती ओली दिसली, ताजी दिसली. केरबा गुणगुणायला लागला तर अंबादास मनात म्हणे, बघा, कसा खुशीत आहे. गप्प बसला तर म्हणे, बघा, मन खातंय. जेवताना केरबानं भाकरी जास्त घेतली तरी पाणी कुठंतरी मुरतंय, आणि कमी घेतली तरी मुरतंयच.

महिन्याभरानं एक दिवस केरबा टोपली घेऊन गावाकडे निघाला. टोपलीवर पळसाची पानं झाकलेली.

“टोपलीत काय आहे रे?”

केरबा थबकला. त्यानं टोपली या हातातून त्या हातात घेतली.

“ते मला इचारू नगा, दादा.”

“का?”

“इचारू नगा म्हंजे नगा.” आणि तो पायवाटेनं उतरून गेला.

झालं! हातच्या कांकणाला आरसा कशाला? अंबादासानं कोठीला कडी लावली, गूळ आणायचं निमित्त काढलं आणि तोही गावात उतरला.

तळवटच्या वेशीपाशी ठकूबाईचं घर. एकटी बाई, शेळ्या राखणारी, तोंडानं फटकळ. तिच्या दारात तेलाचा जुना डबा होता, वरून कापलेला. त्यात माती होती.

आणि मातीत घंटी होती.

अंबादास उभा राहिला तो राहिलाच. देठ ताठ, पानं गर्द, आणि फुलं… फुलं इतकी की डब्याचा पत्रा दिसत नव्हता. शेळीच्या लेंड्यांवर पोसलेली, तेलाच्या डब्यातली, निळीशार.

खरं सांगायचं तर चोरीचं त्याला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. मठापेक्षा या डब्यात फुलं जास्त होती, ते त्याच्या जिव्हारी लागलं.

“हे कुठून आलं?”

“मठातनं,” ठकूबाई म्हणाली. “बसा की. चा टाकते.”

“कुणी दिलं?”

“आता कुणी म्हंजे? महिन्यामागं केरबानं आणून दिलं. टोपलीत घालून. मागल्या वर्सापासनं मागत हुते मी, शेवटी एकदाचं—”

पुढचं ऐकायला अंबादास थांबला नाही. ठकूबाई मागून ओरडली, “आवं, गूळ घ्यायला आला हुता न्हवं?” तेही त्यानं ऐकलं नाही.

तो धापा टाकत मठात आला. बाबाजी धुनीपाशी बसले होते.

“ठकूबाईच्या दारात आहे! तेलाच्या डब्यात! केरबानं नेऊन दिली!”

“फुललीय का?”

“काय?”

“डब्यातली.”

“फुललीय,” तो नाइलाजानं म्हणाला.

“चांगली?”

“…चांगली.”

“मग बरं झालं.”

“बरं झालं? बाबाजी, मोठ्या महाराजांचं रोप शेळ्यांच्या दारात गेलं, आणि बरं झालं? आता तरी शब्द पाळा.”

बाबाजींनी धुनीतलं लाकूड पुढं सरकवलं.

“नेताना दिसला ना तुला?”

“दिसला.”

“उपटताना दिसला?”

अंबादास कपाळाचा घाम पुसू लागला.

“माझा शब्द उपटणाऱ्यासाठी आहे,” बाबाजी म्हणाले. “नेणाऱ्यासाठी नाही.”

आता तुम्हीच सांगा, असा गुरू असला तर शिष्यानं करावं तरी काय? अंबादासाला वाटलं, बाबाजी म्हातारे झाले. केरबानं त्यांच्यावर मोहिनी घातली. मग एकदम वाटलं, की बाबाजींना सगळं ठाऊक आहे आणि ते आपल्यालाच पाण्यात बघतायत. संशयाचं असंच असतं, त्याला चोर पुरत नाही, तो वर सरकत जातो.

त्यानं धुनीतली थंड राख काढली. ही राख भक्तांच्या कपाळी लागायची, आजाऱ्याच्या जिभेवर पडायची. क्षणभर त्याचा हात अडखळला. मग त्यानं ती फडक्यातून वस्त्रगाळ केली आणि सगळे झोपायला गेल्यावर वाफ्याभोवती पसरली, रांगोळीसारखी बारीक. पाऊल पडलं की उमटणारच.

सकाळी उठून बघतो तर पाऊल नाही. फक्त चकाकणाऱ्या ओल्या रेघा, राखेपर्यंत येऊन माघारी वळलेल्या.

केरबा झारी घेऊन आला आणि त्या रेघा बघून खूश झाला.

“दादा, राख तुम्ही टाकलीत?”

अंबादास दचकला. “का?”

“लई बेस केलंत! गोगलगायींनी कवळी पानं खाऊन पार चाळण केली हुती. आता राखंवरनं त्यास्नी सरपटता येत न्हाई. म्या रोज येचून टाकायचो, पर माझ्या ध्यानातच आलं न्हाई बगा.” आणि त्या दांडग्या माणसानं अंबादासाला हात जोडले. “तुमची माया हाय वाफ्यावर.”

अंबादासानं अर्धवट हात जोडले. मग त्यानं स्वतःची समजूत घातली. हा गोड बोलून राख कशाला टाकली ते काढून घेतोय. खाई त्याला खवखवे.

राख तो रोज पसरू लागला. गोगलगायी हटल्या, पानं धड राहिली, वाफा पूर्वीपेक्षा बरा दिसायला लागला. चोर मात्र येईना.

मग एका पहाटे तो आला.

दव दाट पडलं होतं. राख ओलसर झाली होती आणि तिच्यात पावलं उमटली होती, ठशीव, तोंड वाफ्याकडे. कडेचा आणखी एक फुटवा गेला होता. अंबादास आनंदानं गुडघ्यांवर बसला.

उजवं पाऊल स्वच्छ होतं.

डाव्या पावलामागं राखेत लांब रेघ होती, पाय फरफटल्याची.

शेजारी काठीच्या टोकाचं गोल छिद्र होतं. त्या काठीला लोखंडी टोपण अंबादासानंच गावच्या लोहाराकडून बसवून आणलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक म्हणतात. इथं चोरच संन्यासी निघाला होता! आणि शब्द? कोणीही असला तरी. ते त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. आता हे पाऊल दाखवलं तर बाबाजी जाणार. शब्द मोडणाऱ्यांतले ते नव्हते. आणि दाखवलं नाही तर केरबा राहणार.

त्याला भीती वाटली. खरीखुरी. बाबाजींशिवाय मठ म्हणजे नुसता पत्रा. पण त्या भीतीच्या शेजारी आणखी काहीतरी हळूच डोकं वर काढत होतं. ते भीतीपेक्षा वाईट होतं.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

मग धोतराच्या सोग्यानं राख पुसून काढली. काठीचं छिद्र बोटानं बुजवलं. फरफटीची रेघ मोडली. वर नवी राख भुरभुरली.

गोठ्याकडून केरबा झारी घेऊन येत होता.

“केरबा,” अंबादासानं हाक मारली. आवाज त्याचा त्यालाच ओळखीचा वाटला नाही. “जरा त्या कडेला पाणी घाल. तिथं कोरडं आहे. हां, आत ये. आणखी जरा पुढं.”

केरबा आला. “व्हय दादा,” म्हणाला. त्याची रुंद, सपाट पावलं राखेत उमटली.

अंबादास बाबाजींना बोलवायला गेला.

बाबाजी डावा पाय फरफटत आले. राखेपाशी थांबले. खाली बघितलं, खूप वेळ बघितलं…

“हे पाऊल तुझं?”

“माझंच की,” केरबा म्हणाला. “आत्ताच पाणी घातलं.”

“रात्रीचं आहे,” अंबादास म्हणाला. “मी पहाटेच पाहिलं.”

केरबानं त्याच्याकडे बघितलं. रागानं नव्हे, काही समजलं नाही अशा तोंडानं.

“अंबादासाला मी शब्द दिलाय, केरबा,” बाबाजी म्हणाले. “ज्यानं घंटी उपटली, तो मठात राहणार नाही. कोणीही असला तरी.”

केरबानं खड्ड्याकडे बघितलं. मग बाबाजींच्या डाव्या पायाकडे. त्या पायाच्या बोटांना वाफ्यातली काळी माती चिकटली होती. केरबाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं.

कोण फुटवे काढतं ते केरबाला पहिल्यापासून ठाऊक होतं. टोपली भरून देणारेही तेच होते, आणि कुणाला सांगू नको म्हणणारेही तेच. तोंड उघडलं की त्याचं छप्पर वाचत होतं. आणि बाबाजी जात होते.

“म्याच उपटलं,” केरबा म्हणाला.

बाबाजींनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“खोड,” केरबा म्हणाला. “जात न्हाई.” त्यानं झारी नीट सरळ ठेवली आणि आपलं गाठोडं आणायला गोठ्याकडे गेला.

अंबादास जिंकला होता. त्याला तसं वाटेना एवढंच.

“पहार आण,” बाबाजी म्हणाले.

“कशाला?”

“आण.”

त्यानं आणली. बाबाजींनी काठी टाकली, पहार दोन्ही हातांनी धरली आणि वाफ्याच्या मधोमध, हळदकुंकवानं लाल झालेल्या मूळ गड्ड्याखाली घातली.

“बाबाजी!” अंबादास ओरडला. “मोठ्या महाराजांच्या हातचं आहे ते!”

बाबाजींनी पहारीवर अंग टाकलं. गड्डा कटकट करत सुटला आणि उलटा झाला. त्यांनी तो उचलून अंबादासाच्या ओंजळीत दिला.

हलका होता. अंबादासाला वाटलं होतं जड असेल.

“दाब.”

त्यानं दाबलं. मधलं सगळं लाकूड झालं होतं, वाळकं, पोकळ, भांडी घासायच्या काथ्यासारखं. बोटांत त्याचा भुगा झाला. भुग्यात कुंकू मिसळलं होतं. फक्त कडेनं, बाहेरच्या अंगाला, दोनचार पांढरी मुळं ओली होती आणि त्यांना बारीक हिरवे कोंब होते.

“मधे काय आहे?”

“…काही नाही.”

“आणि कडेला?”

अंबादास कोंबांकडे बघत राहिला.

“हे झाड मधून मरत जातं आणि कडेनं पसरतं,” बाबाजी म्हणाले. “कडेचं काढून दुसरीकडं लावलं तर जगतं, फुलतं. नाही काढलं तर कडही मधल्यासारखी पोकळ होते. तुला सांगितलं होतं, गड्डा फोड. तुझ्यासमोर फोडायला घेतलं असतं तर तू आडवा पडला असतास. म्हणून पहाटेचं काढत होतो, थोडं थोडं. मागेल त्याला देत होतो.”

त्यांनी माती झटकली. काठी उचलली. आत गेले आणि खुंटीवरची झोळी घेऊन बाहेर आले.

फाटकापाशी केरबा गाठोडं घेऊन उभा होता. बाबाजी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“तुम्ही कुठं?” अंबादासानं विचारलं. हातात तो गड्डा तसाच होता.

“शब्द दिलाय.”

“पण केरबानं कबूल केलंय!”

“म्या सांगितलंय की, बाबाजी,” केरबा काकुळतीला आला. “म्याच उपटलं म्हणून.”

“खोटं बोलतोस.”

“आता काय म्हणावं!” केरबा कळवळून म्हणाला. “जन्मभर केलेल्या चोऱ्या नाकारल्या, तर मारून मारून कबूल करून घेतल्या. आज न केलेली कबूल करतोय, तर कुणी घेईना!”

दुसरा कुठला दिवस असता तर बाबाजी हसले असते.

“चल,” ते म्हणाले. त्यांनी फाटकाची कडी काढली.

“थांबा!”

अंबादास धावत आला. वाऱ्यानं फाटक कुरकुरलं. बाबाजी पाठमोरेच थांबले…

“चोर मी आहे,” अंबादास म्हणाला.

“तू?”

“मी.”

“काय चोरलंस?”

अंबादासाची मान खाली गेली. इतकी खाली त्या मठात ती कधीच गेली नव्हती. ओंजळीतला भुगा बोटांच्या फटींतून गळत होता.

“काय चोरलंस, अंबादास?”

“तुमचं पाऊल.”

केरबानं गाठोडं खाली ठेवलं.

“राखेत उमटलं होतं,” अंबादास म्हणाला. त्याला आता रडू आवरत नव्हतं, आणि आवरायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. “डाव्या पायाची रेघ होती. काठीचं टोक होतं. मी ओळखलं आणि पुसून टाकलं. केरबाला हाक मारली, पाणी घाल म्हणालो, आणि त्याला तिथं उभं केलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. तो मला व्हय दादा म्हणाला.”

केरबानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. तळव्यांना अजून राख होती. त्याचा जबडा आवळला, हाताच्या मुठी झाल्या. अंबादासानं मार खायची तयारी केली, आणि मारलं असतं तर त्याला बरंही वाटलं असतं. पण केरबा फक्त एका पायानं दुसऱ्या पायावरची राख पुसत राहिला.

“मीच जातो,” अंबादास म्हणाला. “केरबा राहू दे. तुम्ही राहा. माझं मला बघता येईल.”

बाबाजी वळले. त्यांनी अंबादासाच्या ओंजळीतून कडेचे ते ओले कोंब तेवढे वेचून घेतले, एकेक करून, आणि केरबाच्या हातात दिले. झोळी खांद्यावरून उतरवली. फाटक लावलं आणि कडी घातली.

केरबानं एकदा यांच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

“म्हंजे?” त्यानं विचारलं. “शब्द दिला हुता न्हवं? मग जायाचं कुणी?”

“जाणारा गेला,” बाबाजी म्हणाले.

अंबादासानं वर पाहिलं. फाटक बंद होतं. तिघंही आत होते.

“कोण गेला, बाबाजी?”

बाबाजी डावा पाय फरफटत ओट्याकडे निघाले होते. ते वळले नाहीत.

“शब्द मागणारा साव होता एक या मठात,” ते म्हणाले. “तो गेला.”